पंखा कोणाच्या बाजूला

मनोहरकाकांच्या पबमध्ये वेटर नव्हता. पुढचा सगळा तंटा त्यावरून सुरू झाला, म्हणून ते आधी सांगते.

कलकत्त्याजवळ बजबजला ज्यूट गिरणीच्या मागच्या फाटकासमोर एका विधवा बंगाली बाईंचं घर होतं. त्यातली तळमजल्याची लांबट खोली काकांनी भाड्यानं घेतली होती. एका टोकाला लाकडी काउंटर, त्यामागे बर्फाची पेटी, भिंतीलगत बाकं, काही सुटी टेबलं आणि छताला मधोमध एकच पंखा. ज्याला काही हवं असेल त्यानं उठायचं, काउंटरपाशी यायचं, आपली पाळी आली की काकांना सांगायचं आणि ग्लास स्वतःच्या हातानं जागेवर न्यायचा. गिरणीच्या बॉयलरवरचा इंजिनियर रेनी साहेब असो की सुतारखात्यातला मोतीलाल मिस्त्री, रीत एकच. रेनी साहेब स्कॉटलंडचा, त्याला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती. मोतीलालला ती पहिल्याच दिवशी पटली. हालदारबाबू म्हणजे आमच्या तेलाच्या डेपोतले हेडक्लार्क. त्यांना ती कधीच पटली नाही. ते रोज कुरकुरत उठत आणि रोज येत.

मी त्या डेपोच्या प्रयोगशाळेत होते. १९५१ साली, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्याबरोबर मला ती नोकरी लागली. टाक्यांतून आलेले रॉकेलचे नमुने हळूहळू तापवायचे आणि कोणत्या तापमानाला त्यांची वाफ पेट घेते ते पाहायचं, हे माझं काम. आईवडील कलकत्त्यात भवानीपूरला राहत. रोजची ये-जा नको म्हणून मी काका-काकूंकडे बजबजला राहत होते. संध्याकाळी डेपोतून सुटले की मी काउंटरच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसायची, आल्याचं लिंबूपाणी प्यायची आणि लोक पाहायची. सुरुवातीला लोकही मला पाहायचे. मग कंटाळले.

दारावरच्या पाटीवर धान्याची पेंढी रंगवलेली होती आणि पबचं नावही 'पेंढी'च होतं. काकांनी पेंटरला गव्हाची पेंढी सांगितली होती. पेंटर तिथलाच, त्यानं शेतात उभा गहू कधी पाहिला नव्हता. त्यानं भाताची रंगवली, लोंब्या खाली झुकलेली. काकांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बरोबर आहे. इथं हीच उगवते."

मंदाकिनीकाकूंनी मात्र त्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कलकत्त्याच्या मराठी मंडळींत त्या खोलीचं नाव 'मनोहरपंतांचा गुत्ता' असं पडलं होतं, आणि गणपतीत हळदीकुंकवाला गेलं की कोणीतरी काकूंना मुद्दाम विचारायचं, "काय गं, कसा चाललाय धंदा?"

"गुत्ता नव्हे, पब," काका म्हणायचे. "गुत्त्यात माणूस प्यायला जातो. पबमध्ये बसायला जातो."

"मग पितात ते काय, तीर्थ?" काकूंचं उत्तर ठरलेलं असे.

काका लढाईच्या आधी मळणीयंत्रं शिकायला इंग्लंडला गेले होते. ऑल्डविक नावाचं बाजारगाव होतं. बुधवारी गुरांचा बाजार भरायचा आणि बाकीचे दिवस गाव झोपलेलं असायचं. लढाई सुरू झाली आणि ते तिथंच अडकले. त्यांची एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की मोतीलालही ती सांगू शकला असता. काका नवे होते, भाषा तुटकी, अंगावर पातळ कोट. बोचरा वारा सुटलेला. 'व्हीटशीफ', म्हणजे 'गव्हाची पेंढी', नावाच्या पबचं दार अर्धं उघडून ते उंबऱ्यावर घुटमळत होते. आपल्याला आत घेतील का, कोणी काही म्हणेल का, असा विचार चालला होता. तेवढ्यात आतून एक म्हातारा खेकसला, "आत ये नाहीतर बाहेर राहा, पण दार लाव! वारा येतोय."

"बस," काका म्हणायचे. "तू कोण, कुठला, कशाला आलास, काही विचारलं नाही. त्याला फक्त वाऱ्याची चिंता. त्या देशात मला त्याहून मोठा मान कोणी दिला नाही."

बजबजला बोचरा वारा नव्हता. डास होते. त्यामुळे पेंढीत कोणी उंबऱ्यावर रेंगाळला की सगळी खोली ओरडायची, "आत या नाहीतर बाहेर राहा, पण दार लावा, डास येतायत!"

जयप्रकाश सबनीसांना पहिल्या संध्याकाळी हेच ऐकावं लागलं.

ते गिरणीचे नवे लेबर ऑफिसर. नागपूरचे, नुकतेच मँचेस्टरला वर्षभर शिकून आलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक मिशी. सवयीनं ते उंबऱ्यावर थांबले, कोणी उठून या म्हणेल म्हणून. उठला कोणीच नाही. उलट डासांवरून आरडाओरडा झाला, आणि सर्वांत मोठा आवाज मोतीलालचा होता. ते आत येऊन पंख्याखालच्या टेबलाशी बसले. मग त्यांनी क्लबात वाजवतात तशी टाळी वाजवली.

"बेअरा!"

कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा टाळी वाजवली.

"साहेब," शेजारच्या बाकावरून मोतीलाल म्हणाला, "इथं टाळी वाजवून कीर्तन होतं, बिअर येत नाही. उठावं लागतं."

खोली हसली. रेनी साहेब वाफेच्या आवाजानं अर्धा बहिरा झालेला, त्याला काय झालं ते कळलं नाही, तरी तोही हसला. सबनीस उठले, कानाच्या पाळ्या लाल, आणि रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढे त्यांच्याच गिरणीतला एक विणकर होता. काकांनी आधी विणकराला दिलं, मग त्यांना. सबनीसांनी उभ्या उभ्या अर्धा ग्लास संपवला आणि निघून गेले. दार उघडंच राहिलं.

पुढच्या रविवारी काकूंनी त्यांना जेवायला बोलावलं. बजबजला मराठी माणूस दुर्मिळ, त्यातून अविवाहित अधिकारी. काकूंनी मसालेभात केला, अळूची भाजी केली, श्रीखंडासाठी आदल्या दिवशी दही टांगलं, आणि मला कितीदा तरी साडी बदलायला लावली.

"मनोहरपंत, राग मानू नका," भातावर तूप वाढून घेत सबनीस म्हणाले, "पण तुमच्याकडे एक अडचण आहे."

"पंखा कुरकुरतो. ठाऊक आहे."

"पंखा नव्हे हो. ज्या माणसाला मी सकाळी शिस्त शिकवतो, तो संध्याकाळी माझ्या पुढे रांगेत उभा असतो."

"तो आधी आलेला असतो," काका म्हणाले.

"हसण्यावारी नेऊ नका. आदल्या संध्याकाळी ज्याला मी 'जरा सरकता का' म्हणालो, त्याला दुसऱ्या दिवशी 'तुला कामावरून काढलं' असं कसं म्हणायचं?"

"म्हणू नका," मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाजीत मान घातली.

सबनीस मात्र चिडले नाहीत. ते मुद्द्याचे माणूस होते. पानातल्या भाताची बोटांनी एक सरळ भिंत रचून त्यांनी आम्हांला नकाशाच दाखवला. "हे पाहा. इकडे सलून, म्हणजे ऑफिसरांची बसायची खोली. वेगळं दार, एक वेटर. तिकडे बाकीचे. आणि ही," त्यांनी लिंबाची फोड उचलून कोपऱ्यात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, "श्यामलाताईंसारख्या स्त्रियांसाठी पडदा लावलेली जागा. त्यांचीही कुचंबणा होणार नाही."

"बरं सुचवलंत की," काकू म्हणाल्या. पडद्याचं त्यांना मनापासून आवडलं होतं.

मी नकाशाकडे पाहत होते. पेंढीत बसून मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली होती. कोण कुठं बसतो हे त्याच्या हुद्द्यावर ठरत नव्हतं, पंख्यावर ठरत होतं. जो आधी येई तो पंख्याखाली, उशिरा येणारा भिंतीपाशी. मध्यंतरी काही दिवस पंखा बंद पडला होता तेव्हा सगळे दारापाशी सरकले होते, रेनी साहेबसुद्धा, आणि पंखा सुरू झाल्यावर सगळे पुन्हा मधोमध आले. इतका स्वच्छ प्रयोग मला प्रयोगशाळेतही मिळाला नव्हता.

"पंखा कोणाच्या बाजूला येईल?" मी विचारलं.

"काय?"

"पंखा एकच आहे. तुमची भिंत त्याच्या इकडून जाणार की तिकडून?"

सबनीसांनी भाताच्या भिंतीकडे पाहिलं. त्यांनी विचारच केला नव्हता, आणि विचार करायलाही त्यांना वेळ लागला नाही. "अर्थात सलूनच्या बाजूला. दुसरीकडचं नंतर बघू."

श्रीखंड आलं. ते खाता खाता सबनीसांनी शेवटची गोष्ट सांगितली, आवाज अगदी मऊ करून. पेंढीचा बिअरचा परवाना दर वर्षी नवा करावा लागे. फाटक समोरच असल्यानं त्यासाठी गिरणीचं ना-हरकत पत्र लागे, आणि ते पत्र आता लेबर ऑफिसरच्या सहीनं जाणार होतं.

"मी द्यायला तयारच आहे. आपला माणूस म्हणून सांगतो, लाकूडसुद्धा गिरणीचं घ्या. सागवानी भिंत करून पाठवतो. आणि मनोहरपंत, तुम्ही तर इंग्लंड पाहिलंय. तिथल्या पबमध्येही दोन खोल्या असतातच की. साहेबांची वेगळी, कामगारांची वेगळी. गालिचा फक्त साहेबांच्या खोलीत. मँचेस्टरला मी स्वतः पाहिलंय."

काका हात धुवायला उठले. "विचार करतो," म्हणाले.

सबनीस गेल्यावर मी काकांना अंगणात गाठलं. मला राग आला होता, आणि तो सबनीसांवर नव्हता.

"खरं आहे का ते? व्हीटशीफमध्ये दोन खोल्या होत्या?"

"होत्या."

"मधे भिंत?"

"भिंत. वरती काच. पलीकडच्या खोलीत डॉक्टर, वकील आणि आमच्या कारखान्याचा मालक. मी इतकी वर्षं तिथं काढली, पण त्या खोलीतल्या शेगडीजवळ एकदाही बसलो नाही."

"हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत! अर्धंच निरीक्षण सांगायचं आणि त्यावरून सिद्धान्त मांडायचा, असं कसं चालेल?"

"सिद्धान्त कोणी मांडला?" काका शांतपणे म्हणाले. "मी तिथून एक रोपटं आणलं. खालची माती कशाला उचलून आणू? तो म्हातारा मला आत ये म्हणाला ना, तो भिंतीच्या आमच्या बाजूला बसलेला होता. त्या देशात मला जे आवडलं ते सगळं भिंतीच्या या बाजूचं. मग मी पेंढी बांधली ती फक्त त्या बाजूची. पलीकडची बाजू बांधलीच नाही. आता हा मुलगा मला ती बांधून द्यायला निघालाय, तीही फुकट."

"मग नाही म्हणा त्यांना."

"तोंडानं नाही म्हटलं की माणूस वाद घालत बसतो," काका म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

पुढच्या आठवड्यात हातगाडीवरून सागवानी फळ्यांचे चार मोठे भाग आले. काम सुरेख होतं; कडा घासलेल्या, पॉलिशचा वास ताजा. मधल्या भागात एक चौकोनी खिडकी होती, सलूनमध्ये ग्लास सरकवण्यासाठी. काकांनी ते मुकाट्यानं आत घेतले आणि भिंतीला टेकवून ठेवले. त्या संध्याकाळी लोक येत, फळ्यांकडे पाहत, ग्लास घेऊन बसत. हालदारबाबू उठताना कुरकुरले नाहीत, यावरून काय ते समजा.

"कोणी केल्या या?" काकांनी विचारलं.

"मीच," मोतीलाल म्हणाला. "हुकूम होता. आणि लाकूड असं की वाईट काम करायला हात धजेना."

"रविवारी मोकळा आहेस?"

"रविवारी माझे हात माझे असतात."

रविवारी सकाळी मोतीलाल हत्यारांची पिशवी घेऊन आला. रेनी साहेब आला, हालदारबाबू 'सहज' आले. काकांनी खोलीतली टेबलं रस्त्यावर काढली. मोतीलालनं पहिला भाग उभा करून धरला आणि विचारलं, "मनोहरदा, कुठं ठोकू?"

काकांनी पंख्याकडे पाहिलं. मग बोटानं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली, बरोबर पंख्याखालून.

"इथं. पण उभी नको. आडवी."

मोतीलालला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं बिडी विझवली आणि कानामागे खोचली.

"पाय लागतील."

"जुन्या टेबलांचे घे."

"उंची?"

"हालदारबाबूंचे कोपर टेकतील एवढी. नाहीतर तक्रार येईल."

"येणारच आहे," हालदारबाबू म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारून फळीचं एक टोक उचललं.

दुपारपर्यंत त्या भिंतीचं एक लांबलचक टेबल झालं. खोलीच्या एका टोकापासून काउंटरपर्यंत, दोन्ही बाजूंना बाकं, वर पंखा. मधोमध ती चौकोनी खिडकी आता भोक होऊन राहिली होती. ती बुजवतो असं मोतीलाल म्हणाला. काका नको म्हणाले. "असू दे. काय होतं ते लोकांना दिसू दे."

घरी काकूंना बातमी आमच्या आधी पोचली होती.

"म्हणजे पत्र मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"परवाना जाईल."

"जाईल."

"मग राहील काय?"

"टेबल राहील," काका म्हणाले.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी अशी आपटली की शेजारच्या घोषांच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. "एवढा सोन्यासारखा मुलगा जेवायला येऊन गेला," हे त्या कढईला उद्देशून म्हणत होत्या. मला त्यांची बाजू समजत होती. गुत्त्यावाल्याची बायको ही पदवी त्यांनी मुकाट्यानं सोसली होती. भिंत झाली असती, ऑफिसर आले असते, तर तिला थोडी झिलई आली असती.

परवान्याच्या पाहणीच्या संध्याकाळी सबनीस आले. सोबत आबकारी खात्याचा एक घामाघूम इन्स्पेक्टर होता. खोली भरलेली होती. मी माझ्या स्टुलावर नव्हते; त्या दिवशी मुद्दाम टेबलाशी बसले होते, विणकर आणि रेनी साहेबाच्या मधे, बरोबर पंख्याखाली.

सबनीसांची नजर भिंत शोधत फिरली. मग खाली आली.

"हे काय आहे?"

"तुमचं लाकूड," काका काउंटरमागून म्हणाले. "फार सुरेख आहे. बसा."

"ही भिंत होती."

"होती."

"मनोहरपंत, मी तुमच्यावर उपकार करत होतो!"

"म्हणून तर फेकून दिलं नाही. वापरतोय."

कोणीतरी फिस्कन हसलं. इन्स्पेक्टरची मात्र नजर वर पंख्याकडे गेली होती. तो हळूच बाकाच्या टोकावर टेकला आणि त्यानं टोपी काढली.

"लाकडाचा दाम मी गिरणीत भरून टाकतो," काका म्हणाले. "पण भिंत मी घालणार नाही. इथं नाही आणि कुठंच नाही."

"मग पत्र मिळणार नाही."

"ठाऊक आहे."

"महिनाअखेरीपासून बिअर बंद. एक बाटली जरी सापडली तरी खटला होईल."

"सापडणार नाही."

"अहो, मग विकणार काय इथं?"

काकांनी फडकं उचललं आणि कोरडाच असलेला ग्लास पुसायला लागले.

"आल्याचं पाणी," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आलं, लिंबू, गूळ. त्याला परवाना लागत नाही. हवं तर नमुना तपासून घ्या, मी स्वतः प्रमाणपत्र देते. कितीही तापवलंत तरी पेट घेणार नाही."

"आल्याचं पाणी!" हालदारबाबू कळवळून म्हणाले. "दिवसभर रॉकेल मोजायचं आणि संध्याकाळी आल्याचं पाणी! सर्दी झाल्यासारखं?"

"येऊ नका मग," मोतीलाल म्हणाला.

"न यायला काय झालं? माझी जागा आहे ही!"

सबनीस वळले आणि गेले. त्यांच्यामागून इन्स्पेक्टर नाइलाजानं उठला. दार पुन्हा उघडंच राहिलं होतं, मोतीलालनं ते पायानं लोटून लावलं.

बिअर बंद झाल्यावर माणसं कमी झाली, हे मी लपवणार नाही. गिरणीतले तरुण असिस्टंट यायचे थांबले. बंदरावरचे काही जण पहिल्याच संध्याकाळी नाक मुरडून गेले. लांब टेबलाची दोन्ही टोकं रिकामी पडली. रेनी साहेब येई, पण आल्याचं पाणी असं पिई की जणू डॉक्टरनं लिहून दिलंय. माझं प्रमाण चुकत होतं, ते मलाही कळत होतं. कधी नुसताच तिखट जाळ, कधी गुळाचा पाक. काका तक्रार करत नव्हते. फक्त संध्याकाळी कुलूप लावताना पाटीकडे पाहत, झुकलेल्या लोंब्यांकडे, आणि चालू लागत.

मग एका शनिवारी काकू भवानीपूरला डोहाळजेवणाला गेल्या. परत आल्या त्या संतापानं लाल होऊन. चपला काढायच्या आधीच त्यांनी काकांना विचारलं, "पेंढी बंद झाली का हो?"

"नाही. का?"

"सगळ्यांसमोर बायका मला म्हणाल्या, 'सुटलीस बाई, बंद झाला एकदाचा गुत्ता. त्या सबनीसांनी चांगली जिरवली म्हणे.' चांगली जिरवली! माझ्या घरी बसून माझं श्रीखंड खाल्लं त्या मेल्यानं, आणि आता गावभर सांगत सुटलाय की जिरवली!" त्या माझ्याकडे वळल्या. "आल्याच्या पाण्यात काय घालतेस गं तू?"

मी सांगितलं.

"वेलदोडा नाही? मीठ नाही? आलं ठेचून घालतेस की किसून?"

"किसून."

"केमिस्ट्री शिकलीस ना? मग तिथं चव नाही का शिकवत?" त्यांनी पदर खोचला. "ते मोठं पितळी पातेलं काढ."

दुसऱ्या संध्याकाळी मंदाकिनीकाकू, आयुष्यात पहिल्यांदा, पेंढीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात झाकलेलं पातेलं, मागे शेगडी घेऊन मी. त्या उंबऱ्यावर थांबल्या. काका काउंटरमागे ताठ झाले. मला वाटलं, आता त्या परत फिरणार.

कोणाचीच छाती होईना. शेवटी मोतीलालच घसा खाकरून, अगदी हळू, जवळजवळ माफी मागत म्हणाला, "काकीमा... आत या नाहीतर बाहेर राहा, पण..."

"ठाऊक आहे. डास," काकू म्हणाल्या, आत आल्या आणि टाचेनं दार लोटलं.

पातेलं ठेवायला त्यांनी जागा शोधली. टेबलाच्या मधोमध ते चौकोनी भोक होतं. त्याखाली एका स्टुलावर शेगडी ठेवली, तर पातेल्याचं बूड भोकात असं नेमकं बसलं की मोतीलालनं जणू त्याचंच माप घेतलं होतं. मोतीलालला स्वतःलाही ते आधी सुचलं नव्हतं. तो डोकं खाजवत पाहत राहिला. मी कडेचा सागवान पुन्हा पुन्हा हात लावून तपासत होते, तापतोय का ते. काकूंनी ओगराळं हातात घेतलं आणि रेनी साहेबाकडे पाहिलं. साहेब बसल्या जागेवरूनच ग्लास पुढे करत होता.

"उठा," काकू मराठीतच म्हणाल्या. "इथं वेटर नाही."

साहेबाला ऐकू आलं नसावं, पण कळलं. तो उठून रांगेत उभा राहिला. त्याच्यापुढे विणकर होता. पहिला घोट घेतल्यावर साहेबाचे डोळे मोठे झाले, त्यानं ग्लासात वाकून पाहिलं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

पुढच्या काही महिन्यांत टेबलाची टोकं हळूहळू भरत गेली. काही असिस्टंट परत आले, काही नाही आले. डेपोतल्या टाइपिस्ट मुली माझ्यासोबत यायला लागल्या. त्यांच्या आयांना आता हरकत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुली पंख्याखाली बसत, कारण डेपो गिरणीआधी सुटत असे.

फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी दार अर्धं उघडलं आणि तसंच राहिलं. मी वळून पाहिलं. उंबऱ्यावर सबनीस उभे होते. शर्ट तसाच इस्त्रीचा, पण हात खिशात कोंबलेले. नजर टेबलावरून फिरत गेली: काकू, पातेलं, रांग, टाइपिस्ट मुली, पंखा. ते का आले होते हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित क्लबात एकटं बसून कंटाळले असतील. कदाचित पाहायला आले असतील, खरंच बंद झालंय का. कोणी उठलं नाही. कोणी या म्हणालं नाही, आणि जा असंही म्हणालं नाही.

माझा ग्लास रिकामा झाला होता, म्हणून मी रांगेत उभीच होते.

"जयप्रकाशराव," मी म्हणाले, "आत या नाहीतर बाहेर राहा. पण दार लावा, डास येतायत."

ते एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरून. कडी बसल्याचा आवाज आला.

"नीट लावलं यावेळी," हालदारबाबू म्हणाले.

"अर्धं तरी शिकला," काका म्हणाले. "उरलेलं अर्धं शिकायचं असेल तर खोली इथंच आहे. पुढे कोण आहे? सरका."

पुढे मी होते. मी ग्लास पुढे केला.